सारिया ते सांतियागो: पाच दिवसांची वाट आणि आधीचं एक वर्ष

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात, गालिथिया प्रदेशात, सांतियागो दे कोम्पोस्तेला हे शहर आहे. येशूच्या बारा शिष्यांपैकी याकोब यांची समाधी तिथल्या कॅथेड्रलमध्ये आहे अशी श्रद्धा आहे. हजार वर्षांहून अधिक काळ लोक तिथे पायी जात आले आहेत. या पायवाटांना कामीनो म्हणतात. सगळ्यात वर्दळीची वाट पिरेनिज डोंगराच्या फ्रेंच बाजूने निघते. ती सुमारे ७८० किलोमीटरची असून चालायला महिना-पाच आठवडे लागतात. एवढी रजा फार थोड्यांना मिळते. म्हणून बरेच जण सारिया या गावातून शेवटचे ११५ किलोमीटर चालतात. यात्रा पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र मिळायला पायी किमान १०० किलोमीटर लागतात, तेही यात बसतं.

ज्यांनी आषाढी वारी केली आहे त्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. मोठा फरक म्हणजे इथे दिंडी नाही. किती चालायचं, कुठे थांबायचं, काय खायचं, हे दर दिवशी ज्याचं त्याने ठरवायचं. परदेशात, अनोळखी भाषेत, पाठीवर आपलं सगळं सामान घेऊन हे ठरवणं सोपं नसतं. त्यासाठी अंगात जी सवय लागते ती विमानात बसल्यावर येत नाही. तिला आधीचं वर्ष द्यावं लागतं.

आधीचं वर्ष

मे-जून किंवा सप्टेंबर हे महिने धरावेत. जुलै-ऑगस्टला गर्दी आणि ऊन दोन्ही असतं. सप्टेंबरला जायचं ठरलं तर चालायला आदल्या दिवाळीपासून लागावं. पहिले तीन महिने रोज पाच किलोमीटर सपाट रस्त्यावर, पुढचे तीन महिने आठवड्यातून दोनदा बारा. शेवटच्या तीन महिन्यांत शनिवार-रविवार ओळीने वीस-वीस किलोमीटर, पाठीवर भरलेली सॅक घेऊन. हा ओळीने शब्द महत्त्वाचा आहे. ताज्या पायांनी एक दिवस वीस किलोमीटर बहुतेकांना जमतात. बूट कुठे घासतो, गुडघा कधी बोलायला लागतो, सॅकचा पट्टा खांद्यात कुठे रुततो, हे दुसऱ्या दिवशी थकलेल्या पायांवर कळतं. सिंहगडाची उतरण भर पावसात ओल्या बुटांनी दोन-तीनदा उतरून बघा. बोटं पुढे आपटत असतील तर बूट लहान आहेत. पाय दिवसभरात सुजतात, म्हणून बूट नेहमीच्या मापापेक्षा अर्ध्या ते एक नंबर मोठे घ्यावेत आणि खरेदीला संध्याकाळी जावं.

वजनाचं गणित साधं आहे: भरलेली सॅक शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत. ६५ किलोच्या माणसाला साडेसहा किलो, पाण्यासकट. रिकामी सॅक एक किलो, झोपायची पातळ पिशवी सहाशे-सातशे ग्रॅम, अंगावरचा धरून कपड्यांचे दोन जोड, मोज्यांचे तीन, पाँचो, सपाता, औषधं, कागदपत्रं. याच्या पुढे जाणारी प्रत्येक वस्तू बाहेर काढून ठेवायची आणि आठवडाभर तिच्यावाचून राहून बघायचं. जीन्सची पँट हमखास राहून जाते सॅकमध्ये. ती जड असते, भिजली तर दोन दिवस वाळत नाही. खाण्याच्या बाबतीत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: युरोपीय संघात बाहेरून येताना दूध आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. तूप, पेढे, बर्फी घरीच राहू द्या.

व्हिसा शेंगेन. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करता येतो. मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू हवा. उन्हाळ्यातल्या भेटीच्या तारखा पटापट भरतात, म्हणून सहा महिने होताच अर्ज टाका. या अर्जात एक अडचण येते. व्हिसासाठी राहण्याच्या जागेचा पुरावा द्यावा लागतो, आणि यात्रेकरूंच्या सरकारी धर्मशाळांमध्ये आरक्षणच होत नाही. तेव्हा सगळ्या रात्रींची आरक्षणं खासगी धर्मशाळांत किंवा छोट्या लॉजमध्ये करावी लागतात. त्यामुळे रोजचं अंतर आधीच ठरून जातं, म्हणून टप्पे विचार करून निवडा.

स्पॅनिश शंभर-दीडशे शब्दांची असली तरी पुरते, पण ती तोंडात बसलेली हवी. गालिथियाच्या गावांत इंग्रजी फार कमी चालते. आकडे, वेळा, पदार्थांची नावं, आणि ‘सिन’ म्हणजे ‘शिवाय’ हा शब्द. शाकाहारी माणसाला त्याच्याइतका उपयोगी शब्द दुसरा नाही. का ते तिसऱ्या दिवशी येईल.

पोहोचण्याचा दिवस: माद्रिद ते सारिया

माद्रिदहून लुगोपर्यंत बस मिळते आणि लुगोहून सारियाला छोटी बस. अंतर जेमतेम तीस किलोमीटर. लुगोला दोन-तीन तास मिळाले तर रोमन तटबंदीवरून चक्कर मारा. दोन किलोमीटरहून लांब तट अजून सलग उभा आहे, वरून माणसं रोजची फिरायला जातात. २००० साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशात घेतलं.

सारियात पोहोचल्यावर पहिलं काम म्हणजे क्रेदेन्सियाल, यात्रेकरूचं घडीचं पुठ्ठ्याचं ओळखपत्र. ते चर्चमध्ये, मठात किंवा धर्मशाळेत दोन-तीन युरोला मिळतं. त्यात रोज किमान दोन शिक्के घ्यायचे. शिक्के चर्चमध्ये असतात, तसे चहा-कॉफीच्या हॉटेलांतही असतात. शिक्क्याखाली तारीख त्याच वेळी लिहून घ्यावी. संध्याकाळी आठवून लिहायला गेलं की घोळ होतो आणि शेवटी कार्यालयात खिडकीशी तो निस्तरत बसावं लागतं.

धर्मशाळेला इथे आल्बेर्गे म्हणतात. सरकारी आल्बेर्गे गालिथियाचं प्रादेशिक सरकार, म्हणजे शुंता, चालवतं. दर साधारण दहा युरो, दुपारी एकला उघडतं, सकाळी आठपर्यंत सोडायचं, जागा येईल त्या क्रमाने. उशी-गादीवर घालायला कागदी चादर मिळते, पांघरूण मिळत नाही. स्वयंपाकघर असतं, पण बहुतेक ठिकाणी भांडी नसतात. याची कल्पना नसलेले लोक तांदळाची पिशवी घेऊन रिकाम्या शेगडीसमोर उभे राहतात. खिचडी करायचीच असेल तर भांडी असलेली खासगी आल्बेर्गे बघून ठेवा. सॅक पलंगावर ठेवण्याआधी गादीच्या शिवणी उलगडून ढेकूण बघावेत. काळे ठिपके दिसले तर लगेच सांगावं.

दिवस पहिला: सारिया ते पोर्तोमारिन, २२ किलोमीटर

घड्याळ इथे फसवतं. स्पेन मध्य युरोपची वेळ पाळतो, आणि गालिथिया त्याच्या अगदी पश्चिम टोकाला. त्यामुळे सप्टेंबरच्या अखेरीस सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो. सातला निघायचं तर डोक्याला बॅटरी हवी, नाहीतर गावाबाहेरच्या रानात बाण दिसत नाहीत.

बाण पिवळे असतात. ओ सेब्रेरो या डोंगरगावचे पाद्री एलियास बालिन्या यांनी १९८४ साली पिवळा रंग घेऊन ही वाट पुन्हा आखायला सुरुवात केली. झाडावर, भिंतीवर, विजेच्या खांबावर, मिळेल तिथे. आज त्या जोडीला दगडी खांब आहेत, वर शिंपल्याची खूण आणि सांतियागोचं उरलेलं अंतर, दशांशाच्या तीन घरांपर्यंत. वारकऱ्याच्या गळ्यात माळ, तसा इथल्या यात्रेकरूच्या सॅकला शिंपला.

गाव सोडल्यावर जुना दगडी पूल, रेल्वेचा रूळ, आणि मग ओक आणि चेस्टनटच्या झाडांतून चढ. पहिल्या पाच-सहा किलोमीटरांतच अंग तापतं. बार्बादेलोच्या रोमनेस्क, म्हणजे मध्ययुगीन शैलीतल्या, चर्चपाशी थांबून शिक्का घ्यावा. तिथेच बूट काढून मोजे बदलावेत, फोड आले नसले तरीही.

फोड का येतो? ऊब, ओल आणि घर्षण, या तिन्ही एकत्र आल्या की कातडीचे थर एकमेकांवर सरकतात आणि मध्ये पाणी जमतं. तिन्हींपैकी एक तोडली की फोड टळतो. सकाळी टाचेला आणि बोटांच्या मध्ये व्हॅसलिन, वरून पातळ मोजा, त्यावर लोकरी; दर दोन तासांनी मोजे बदलायचे, ओले सॅकच्या बाहेर पिनेने अडकवायचे. एखादी जागा नुसती गरम लागली की त्याच क्षणी थांबून त्यावर चिकटपट्टी लावायची. “पुढच्या गावात बघू” म्हणून लोक तीन किलोमीटर ओढतात आणि तेवढ्यात फोड तयार होतो. आलाच तर छोटा फोड फोडू नये. मोठा आणि दुखरा असेल तर जंतुनाशकाने पुसलेल्या सुईने कडेला टोचून पाणी काढावं, कातडी तशीच ठेवावी, वर कोरडी पट्टी. सुईतून दोरा ओवून आत ठेवायची जुनी पद्धत अजून चालते. तिच्यातून जंतू आत शिरतात, ती टाळा. जेलच्या तयार पट्ट्या हिरव्या क्रॉसच्या दुकानात, म्हणजे फार्मासियात, मिळतात. त्या आपण होऊन सुटेपर्यंत ओढून काढायच्या नाहीत, नाहीतर खालची कातडी सोबत येते.

फेरेरोसच्या आसपास १०० किलोमीटरचा खांब येतो. तिथून पुढे उतार, आणि शेवटचा उतार दगडी घळीतून आहे. काठ्या असतील तर इथे लांब करून वापराव्यात. मग मिन्यो नदीवरचा उंच पूल, आणि पुलापलीकडे गावात शिरायला दगडी जिना. बावीस किलोमीटरनंतर त्या पायऱ्या फार वाटतात.

पोर्तोमारिन हे धरणग्रस्त गाव आहे. बेलेसारच्या धरणाने १९६० च्या दशकात जुनं गाव पाण्याखाली गेलं, आणि लोकांनी नवं गाव टेकडीवर उभं केलं. किल्ल्यासारखं दिसणारं सान निकोलास चर्च दगड-दगड सोडवून वर आणून पुन्हा रचलं. चर्चच्या भिंतीशी अगदी जवळ जाऊन बघा: अनेक दगडांवर रंगाने घातलेले आकडे अजून आहेत. कुठला दगड कुठे बसायचा याची ती नोंद. ऐन उन्हाळ्यात पाणी उतरतं तेव्हा जुन्या गावच्या भिंती आणि पुलाचे खांब वर येतात. कोयना-उजनीच्या काठची गावं ज्यांना माहीत आहेत, त्यांनी इथे थोडा जास्त वेळ काढावा.

दिवस दुसरा: पोर्तोमारिन ते पालास दे रेई, २५ किलोमीटर

आजचा दिवस चढाचा. लिगोंदेच्या डोंगररांगेपर्यंत सव्वातीनशे मीटर चढायचं आहे, पण ते बारा-तेरा किलोमीटरवर पसरलेलं असल्याने दम लागत नाही, कंटाळा येतो. वाट बराच वेळ डांबरी रस्त्याच्या कडेने जाते. डांबरावर पाय लवकर तापतात, म्हणून कडेच्या मातीवरून चाला. कास्त्रोमायोरला मुख्य वाटेपासून पाच मिनिटांवर रोमनपूर्व वस्तीचे तट आणि घरांचे पाये उघडे पडले आहेत. बाणांच्या मागे मान खाली घालून जाणारे तिथून सरळ निघून जातात.

दुसऱ्या दिवशी सॅक जड वाटायला लागते, आणि बरेच जण सामान पुढे पाठवायच्या सोयीकडे वळतात. स्पेनचं पोस्ट खातं आणि काही खासगी गाड्या थोड्या युरोंत पुढच्या मुक्कामापर्यंत सॅक नेतात. वजन १५ किलोच्या आत हवं. चिठ्ठीवर नाव, फोन आणि पुढच्या मुक्कामाचा पत्ता. मात्र शुंताच्या आल्बेर्गेत असं सामान उतरवून घेत नाहीत. गुडघा दुखत असेल तर ही सोय जरूर घ्या. पाठवलीत तरी पाणी, पाँचो, औषधं, पासपोर्ट आणि क्रेदेन्सियाल अंगावरच ठेवा.

पाऊस इथे कुठल्याही महिन्यात येतो. पाणी न शिरणारे जाड बूट या पावसात उलटतात: पाणी पायावरून ओघळत वरून आत जातं आणि मग बाहेर पडत नाही. जाळीचे हलके बूट भिजतात, पण चालता चालता वाळतात. रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा, दोन तासांनी बदला.

दिवस तिसरा: पालास दे रेई ते आर्थुआ, २९ किलोमीटर

सगळ्यात लांब दिवस. चढउतार सतत, ओढ्यांमागून ओढे. ज्यांना २९ जड वाटतील त्यांनी मेलिदेला, म्हणजे पंधराव्या किलोमीटरला, मुक्काम करून एक दिवस वाढवावा. पाच दिवसांतच संपवलं पाहिजे असा नियम कुठेही नाही, आणि इथे घाई करणाऱ्यांचे गुडघे चौथ्या दिवशी सुजलेले दिसतात.

लेबोरेरोला रस्त्याकडेला मोठ्या करंडीसारखं, वेताने विणलेलं आणि वर गवताचं छप्पर असलेलं मक्याचं कोठार आहे. वाटेत इतरत्र दिसतात ती दगडी-लाकडी कोठारं, ओर्रेओ. सगळी खांबांवर उचललेली, आणि खांबाच्या डोक्यावर सपाट दगड, उंदीर चढू नये म्हणून. कोकणात कणगी बघितलेल्याला यातली युक्ती लगेच कळते.

फुरेलोसचा चार कमानींचा जुना पूल ओलांडला की मेलिदे. मेलिदे ऑक्टोपससाठी प्रसिद्ध. तांब्याच्या मोठ्या हंड्यात उकळतो, कात्रीने गोल काप पाडून लाकडी ताटलीत घालतात, वर जाडं मीठ, लाल मिरचीपूड आणि ऑलिव्ह तेल. मासे खाणाऱ्याने तो इथेच खावा.

न खाणाऱ्यासाठी हा भाग नीट वाचण्यासारखा आहे. नुसतं शाकाहारी म्हटलं तर गोमांस-डुकराचं मांस नाही एवढाच अर्थ काही जण घेतात, आणि मिश्र सॅलडवर टूना मासा येतो. म्हणून पदार्थागणिक सांगावं: सिन आतून, सिन हामोन, सिन कार्ने, म्हणजे टूनाशिवाय, हॅमशिवाय, मांसाशिवाय. काल्दो हे पालेभाजी-बटाट्याचं सूप दिसायला निरुपद्रवी, पण त्यात बहुधा डुकराची चरबी असते. मसुराच्या आमटीत चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज. भरवशाचे पदार्थ असे: बटाट्याची तोर्तिया, म्हणजे जाड ऑम्लेट (अंडं चालत असेल तर), पाद्रोनच्या तळलेल्या छोट्या हिरव्या मिरच्या, पाव-टोमॅटो, चीज. आर्थुआचं मऊ, पिवळसर चीज नावाजलेलं आहे. ते बिहीच्या घट्ट गोड वडीबरोबर खातात. जेवणाच्या वेळाही सांभाळाव्या लागतात. दुपारी दोन ते पाच दुकानं बंद, रात्रीचं जेवण आठशिवाय नाही, रविवारी किराणा बंद. शनिवारी संध्याकाळी फळं, पाव आणि बदाम घेऊन ठेवावेत.

मध्ययुगात यात्रेकरू त्रियाकास्तेलाच्या खाणीतून एकेक चुनखडीचा दगड उचलून कास्तान्येदाच्या भट्ट्यांपर्यंत आणत, कॅथेड्रलच्या चुन्यासाठी. हे बाराव्या शतकातल्या ग्रंथात नोंदलेलं आहे. कास्तान्येदा आजच्याच वाटेवर, मेलिदेच्या पुढे लागतं. साडेसहा किलोच्या सॅकबद्दल कुरकुर सुरू होते ती साधारण याच जागी. पुढे रिबादिसोला नदीकाठी जुनं यात्रेकरूंचं रुग्णालय आहे, आता ते आल्बेर्गे आहे. नदीत पाय सोडून वीस मिनिटं बसावं. मग शेवटचा चढ, आणि आर्थुआ.

दिवस चौथा: आर्थुआ ते ओ पेद्रोउथो, १९ किलोमीटर

सोपा दिवस. निलगिरीची रानं, मऊ माती, वास आपल्या ओळखीचा. हमरस्ता दोन-तीनदा ओलांडावा लागतो आणि गाड्या वेगात असतात. तेवढं जपा. दुपारी लवकर पोहोचाल. कपडे धुवा आणि झोपा.

दिवस पाचवा: ओ पेद्रोउथो ते सांतियागो, २० किलोमीटर

विमानतळाच्या कुंपणाला वळसा घालून वाट लावाकोयाला येते. जुने यात्रेकरू इथल्या ओढ्यात अंघोळ करून मगच पुढे जात. मग मोंते दो गोथो, आनंदाची टेकडी. कॅथेड्रलचे मनोरे दाखवणारे दोन यात्रेकरूंचे पुतळे मुख्य वाटेच्या थोडे बाजूला आहेत. बाणांबरोबर सरळ गेलं तर ते चुकतात, म्हणून टेकडीवर विचारून घ्या. तिथून साडेचार-पाच किलोमीटर शहरातून, फरसबंदीवरून. पायाला हाच तुकडा सगळ्यात कठीण जातो.

ओब्रादोइरो चौकात पोहोचल्यावर लगेच कार्यालयाकडे धावू नका. सॅक खाली ठेवून कॅथेड्रलसमोर फरशीवर बसा. सगळेच बसतात. वर्षभर आखलेलं सगळं संपून हातात काहीच काम नाही, अशी ती पहिली वेळ असते. कुणी रडतं, कुणी बूट काढतं, आणि कुणालाच त्याचं नवल वाटत नाही.

मग रुआ दास कारेतासवरचं यात्रेकरू कार्यालय. ऑनलाइन नोंद आधी केलेली असेल तर रांग लवकर सरकते. चालण्याचं कारण विचारतात. लॅटिनमधलं कोम्पोस्तेला हे प्रमाणपत्र धार्मिक किंवा आध्यात्मिक कारणासाठी मोफत मिळतं. ख्रिस्ती नसलेल्याचं काही अडत नाही. निव्वळ हौस किंवा व्यायाम असं सांगितलं तर वेगळं स्वागतपत्र देतात. उत्तर खरं द्यावं. आणि इथवर आल्यावर ते एका शब्दात देणं अनेकांना जमत नाही, हे खिडकीपलीकडच्या माणसांना माहीत असतं.

सॅक घेऊन कॅथेड्रलमध्ये सोडत नाहीत. ती आधी ठेवून या. यात्रेकरूंची प्रार्थना दुपारी बाराला असते. आठ माणसांनी दोराने झुलवायचा सुमारे ५३ किलोचा धूपदान, बोताफुमेरो, रोज हलवत नाहीत, ठरावीक सणांना आणि खास विनंतीवरूनच. तोच बघायचा असेल तर तारीख आधी पाहून या. मध्ययुगीन शिल्पकार उस्ताद मातेओने घडवलेला पोर्तिको दे ला ग्लोरिया हा दगडी दरवाजा बघायला मात्र सणाची वाट बघावी लागत नाही. त्याचं तिकीट वेगळं. संध्याकाळी बदामाचा तार्ता दे सांतियागो खावा. त्यात मैदा नसतो, अंडं असतं.

परतीला काठ्या सामानात घाला, केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. घरी आल्यावर झोपायची पिशवी आणि कपडे ६० अंशांच्या पाण्यात धुवा, ढेकणांची अंडी तेवढ्याने मरतात. धुण्याच्या चिठ्ठीवर ६० अंश चालत नसतील तर बंद पिशवीत उन्हात ठेवण्यापेक्षा ड्रायरमध्ये गरम फिरवा. क्रेदेन्सियाल फेकू नका. शिक्क्यांची घरं त्यात उरलेली असतात, आणि सारियाच्या मागे सहाशे साठ-सत्तर किलोमीटर वाट अजून आहे. पुढच्या रजेत त्यातला कुठला तुकडा घ्यायचा, हे नकाशा उघडून ठरवता येतं.